सूर आधी, विचार मागून

अक्कलकोटच्या एस. टी. स्टँडावर गुरुवारी घटकाभर बसावे, म्हणजे एका वेळी किती सूर आपल्या कानाशी झोंबतात हे कळून येते. स्वामींच्या दर्शनास आलेल्या यात्रेकरूंसाठी दुकानदाराने भक्तिगीत लावलेले असते. मैंदर्गी-दुधनीकडे जाणाऱ्या गाडीत कोणाच्या तरी मोबाईलवर कन्नड चित्रपटातील गाणे चाललेले असते. आणि इतक्यात एखादी वरात मोठमोठे कर्णे लावलेली गाडी पुढे घालून रस्त्याने येते व बाकीचे सर्व आवाज गिळून टाकते. हा सीमेवरचा तालुका आहे. येथे मराठी बोलणारा व कन्नड बोलणारा एकाच बाकावर बसतात, आणि पुष्कळांस दोन्ही भाषा येतात. परंतु ज्यास कन्नडाचे अक्षरही कळत नाही असा मुलगासुद्धा त्या कन्नड गाण्याबरोबर पायाने ठेका धरतो. त्यास विचारावे, "बाळ, ह्या गाण्यात काय सांगितले आहे?" तर तो नुसता हसतो. शब्द त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. पाय मात्र हलला.

ह्या लहानशा गोष्टीत आमच्या आजच्या पाठाचे सार आहे. सूर मनात आधी शिरतो. विचार मागून येतो, आणि कित्येकदा तो येतच नाही. आज प्रत्येक घरात, प्रत्येक खिशात वाजणारे यंत्र आहे. यास्तव रेडिओ, चित्रपट, टीव्ही व मोबाईल ह्यांतून येणारे संगीत आपल्या भावनांस व वर्तनास कसे वळवते, हे प्रत्येक आईबापाने, शिक्षकाने व उपदेशकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

१. संगीत शरीरात काय करते

खेड्यातील मनुष्यास ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. जात्यावर ओवी म्हटली की दळण हलके वाटते. शेतात भलरी सुरू झाली की दहा जणांचे हात एका वेळी चालतात. कुस्तीच्या फडात हलगी चढू लागली की मल्लाच्याच नव्हे, तर कडेला बसलेल्या म्हाताऱ्याच्याही दंडात रक्त उसळते. आणि रडून लाल झालेले मूल आईच्या अंगाईने निजते. त्या मुलास अंगाईचा अर्थ कोणी समजावून दिलेला नसतो.

शास्त्रज्ञांनी अलीकडे ह्याची कारणे शोधली आहेत. ताल कानी पडला म्हणजे मनुष्य स्वस्थ बसला असला तरी हातपाय हलवण्याचे काम पाहणारे मेंदूतील भाग जागे होतात. म्हणून ठेका धरण्यास आपणांस निश्चय करावा लागत नाही, उलट न धरण्यास करावा लागतो. २०११ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की, आवडते संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते. भुकेल्यास अन्न मिळाले असता जे सुख होते, त्यातही ह्याच द्रव्याचा हात असतो. विशेष असे की, गाण्यातील अत्यंत गोड जागा येते तेव्हाच नव्हे, तर ती आता येणार अशी वाट पाहताना, त्या क्षणाच्या अगोदरच ते स्रवू लागते. म्हणजे गाणे आपणांस केवळ सुख देत नाही, ते आपणांस वाट पाहावयास लावते. आणि ज्याची वाट पाहावयाची सवय मनुष्यास लागली, त्याच्यामागे तो चालू लागतो.

२. गाणारा व ऐकणारा ह्यांची फारकत

पूर्वी ओवी गाणारी बाई हीच ती ऐकणारी असे. काय गावे, केव्हा थांबावे, हे तिच्या हाती होते. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान ह्यांचे गाणे तबकडीवर उतरले, आणि गळा एकीकडे व कान दुसरीकडे अशी नवी व्यवस्था सुरू झाली. १९२७ साली मुंबईहून रेडिओ बोलू लागला. १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट निघाला व १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. तेव्हापासून गाणारा व ऐकणारा ह्यांच्यामध्ये एक तिसरा मनुष्य उभा राहिला. कोणते गाणे, कोणत्या प्रसंगी, किती वेळा वाजवावयाचे, हे तो तिसरा ठरवतो.

त्या तिसऱ्याचा हेतू चांगला असला तर फळही चांगले येते. १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकरांनी रचलेले व सुधीर फडके ह्यांनी स्वरबद्ध केलेले 'गीतरामायण' सुरू झाले. आठवड्यास एक ह्याप्रमाणे वर्षभरात ५६ गीते झाली. त्या वेळी पुष्कळ घरांत लोक रेडिओस हार घालून, हात जोडून ऐकावयास बसत, आणि ज्यांच्या घरी रेडिओ नसे ते शेजाऱ्याच्या ओटीवर जमत. लाकडाच्या पेटीपुढे मनुष्याने हात जोडावे, एवढे सामर्थ्य सुरात व शब्दात होते.

आज तो तिसरा पुष्कळदा मनुष्यही नसतो. मोबाईलवर ज्या लहान चित्रफितींस रील म्हणतात, त्यांतील कोणत्या फितीवर आपण क्षणभर अधिक थांबलो हे यंत्र टिपून ठेवते, आणि त्याच जातीच्या आणखी पुढे करते. एकच चाल दिवसातून वीस वेळा कानावर येते. रॉबर्ट झायोन्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवले होते की, एखादी वस्तू नुसती पुनःपुन्हा समोर आली तरी मनुष्यास ती आवडू लागते. तीत गुण असलाच पाहिजे असे नाही. "हे गाणे सर्वांना आवडते" असे मुले म्हणतात, तेव्हा ते आवडले म्हणून ऐकले, की ऐकत राहिलो म्हणून आवडले, हे त्यांस विचारून पाहावे.

३. पडद्यामागचे वाद्य

चित्रपटात नायिका जिना उतरत असते. आपणांस भीती वाटू लागते. जिन्यात काहीच नसते. भीती पडद्यामागच्या वाद्याने घातलेली असते. तेच चित्र, तोच जिना, पण वाद्य बदलले तर आपण हसूही लागू. पार्श्वसंगीत हे असे आहे. ते आपल्या खांद्यावर हात ठेवून कानात सांगते, "आता रड", "आता घाबर", "ह्या मनुष्यावर विश्वास ठेव."

हे सामर्थ्य ज्यांनी नीट ओळखले, त्यांनी कधी कधी ते मुद्दाम बाजूस ठेवले आहे. १९३७ साली व्ही. शांताराम ह्यांनी 'कुंकू' हा बोलपट काढला. त्यात एका तरुण मुलीचे लग्न फसवून म्हाताऱ्याशी लावले जाते, आणि ती ते लग्न मनाने मान्य करीत नाही. ह्या बोलपटात पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे आवाज खरोखर असतील तेवढेच ऐकू येतात. प्रेक्षकाने रडावे की चिडावे हे वाद्याने सांगितले नाही. त्याचे त्यालाच ठरवावे लागले.

दुसरे उदाहरण आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे ह्यांनी त्याच भागात 'सैराट' हा चित्रपट काढला. तो २९ एप्रिल २०१६ रोजी लोकांसमोर आला. अजय-अतुल ह्या बंधूंचे 'झिंगाट' हे गाणे लागले की गावोगावच्या चित्रपटगृहांत मुले खुर्च्या सोडून उठत, पडद्यापुढे नाचत, पैसे उधळीत. परंतु त्याच चित्रपटाच्या शेवटी, जातीबाहेर लग्न केले म्हणून त्या जोडप्यास मुलीच्याच माणसांनी मारून टाकलेले असते, आणि त्यांचे अजाण मूल रक्ताची पावले उमटवीत घराबाहेर येते. तेथे दिग्दर्शकाने सर्व आवाज बंद केला आहे. वाद्य नाही, शब्द नाही, मुलाचे रडणेही ऐकू येत नाही. तीन तास संगीतावर तरंगत असलेले मन एकाएकी जमिनीवर येते.

आम्हांस येथे एक प्रश्न सुचतो. त्यानंतर गावोगाव वरातीत काय वाजले? 'झिंगाट' वाजले. शेवटची शांतता कोणी वाजवली नाही, कारण शांतता वाजवता येत नाही. ज्या गोष्टीने नाचवले ती हजार वेळा घरी आली. ज्या गोष्टीने विचार करावयास लावले ती चित्रपटगृहातच राहिली. दोष गाण्याचा नव्हे. मनुष्याचा कान सोयीचे तेवढे उचलतो, हे आपण ओळखले पाहिजे.

४. दुकानातले सूर

व्यापाऱ्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. इंग्लंडातील एका दुकानात संशोधकांनी फ्रेंच व जर्मन द्राक्षमद्याच्या बाटल्या शेजारी शेजारी मांडून एके दिवशी फ्रेंच व दुसऱ्या दिवशी जर्मन सूर लावले. १९९७ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, फ्रेंच सूर चालू असता फ्रेंच बाटल्या अधिक खपल्या व जर्मन सूर चालू असता जर्मन. गिऱ्हाइकांस विचारले, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांनी सांगितले की संगीताचा आमच्या निवडीशी काही संबंध नाही. मद्य घेणे बरे की वाईट हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवू. मनुष्याचा हात दुसऱ्याने हलवावा आणि 'मीच हलवला' असे त्याने शपथेवर सांगावे, ही गोष्ट भयंकर आहे.

ह्याहून अगोदरचा, १९८२ सालचा, जेराल्ड गॉर्न ह्यांचा एक प्रयोग आपणांस विशेष मौजेचा वाटेल. त्यांनी विद्यार्थ्यांस लेखणीचे चित्र दाखवून काहींस आवडीचे संगीत ऐकवले व काहींस नावडीचे. आवडीचे ऐकलेल्यांपैकी शंभरात सुमारे ७९ जणांनी चित्रातल्याच रंगाची लेखणी उचलली. नावडीचे ऐकलेल्यांपैकी सुमारे ३० जणांनीच. पुढे हा प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा दर वेळी तसेच फळ आले नाही, म्हणून ह्या आकड्यांवर फार भार घालू नये. परंतु त्यांनी नावडीचे म्हणून कोणते संगीत निवडले होते? हिंदुस्थानचे शास्त्रीय संगीत! ज्या रागाने आमचे डोळे भरून येतात, तो त्या परदेशी मुलांस नकोसा व्हावा. ह्यावरून दिसते की सुरातील गोडी पुष्कळशी ऐकणाऱ्याच्या सवयीत असते. नारायण वामन टिळक ह्यांनी हे जाणले होते. परक्या चालीवरील भाषांतरित गीतांनी मराठी मन हलत नाही हे पाहून त्यांनी अभंग, ओवी व कीर्तन ह्यांची वाट धरली. ज्या दाराने लोक रोज आत-बाहेर करीत, त्याच दाराने ते आत गेले.

आणि शब्दांचे काय? त्यांचेही वजन आहे. २००३ साली अमेरिकेतील प्रयोगांत असे दिसले की, हिंसेचे शब्द असलेली गाणी ऐकल्यावर तरुणांच्या मनात वैराचे विचार अधिक आले. तो परिणाम काही काळच टिकत असावा असेही संशोधकांनी सांगितले. उलट २००९ साली टोबियास ग्रेटेमायर ह्यांनी दाखवले की, परोपकाराचे शब्द असलेली गाणी ऐकलेल्यांनी इतरांपेक्षा अधिक साहाय्य केले. एका गाण्याने कोणी खुनी होत नाही व एका गाण्याने कोणी संतही होत नाही. पण रोज थोडे थोडे पाणी ज्या बाजूस वाहते, त्या बाजूस चर पडतो.

५. बंदीने काय साधते

"मग ही गाणी बंदच करावी," असे कोणी म्हणेल. हा उपाय होऊन गेला आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. लोकांची अभिरुची सुधारावी ह्या चांगल्या हेतूने त्यांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीतास मोठी जागा दिली व चित्रपटगीतांस जवळजवळ दार लावले. लोकांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई फिरवून सिलोन लावले, आणि अमीन सयानी ह्यांचा 'बिनाका गीतमाला' हा कार्यक्रम घरोघर गेला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीस 'विविध भारती' काढून तीच गाणी आपल्या घरात घ्यावी लागली. ज्या बापास वाटते की मुलाचा मोबाईल हिसकावला म्हणजे काम झाले, त्याने हा इतिहास ध्यानात ठेवावा. कानाला कुलूप बसत नाही. कानाला शिक्षण द्यावे लागते.

६. राजाची मूर्ती व राजाचा भाला

शास्त्रात ह्या विषयाचे दोन मोठे धडे आहेत. दानीएलाच्या ३ ऱ्या अध्यायात नबुखद्नेस्सर राजा सोन्याची मूर्ती उभी करून हुकूम सोडतो की, वाद्ये वाजू लागताच सर्वांनी खाली पडून तिला नमन करावे. हुकूम होता, भट्टीही होती. मग वाद्ये कशास? कारण नुसत्या हुकमाने मनुष्य वाकतो, पण मनात विचार करीत वाकतो. सर्व जण एका तालावर वाकले म्हणजे विचार करावयास कोणी उरत नाही. त्या दिवशी तिघेच उभे राहिले.

दुसरा धडा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, १६ व्या व १८ व्या अध्यायांत आहे. दावीद वीणा वाजवी व शौलाच्या व्याकूळ मनास आराम पडे. पुढे लढाई जिंकून येताना स्त्रियांनी गाणे म्हटले, त्यात दाविदाची थोरवी शौलाहून अधिक सांगितली. तेवढ्या एका गाण्याने शौलाच्या मनात मत्सर शिरला. आणि दुसऱ्या दिवशी दावीद तीच वीणा वाजवीत असता राजाने त्याच्यावर भाला फेकला. ज्या कानाने औषध घेतले त्याच कानाने विष घेतले, आणि विष चढल्यावर औषधाचाही उपयोग झाला नाही.

ही गोष्ट केवळ प्राचीन नव्हे. आफ्रिकेतील रवांडा देशात १९९३ च्या जुलैत एक रेडिओ केंद्र निघाले. तरुणांच्या आवडीची नवी नवी गाणी ते वाजवी, त्यामुळे ते फार लोकप्रिय झाले. गाण्यांच्या मधून मधून तुत्सी जातीच्या लोकांविषयी द्वेषाचे बोलणे चाले. १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत तेथे सुमारे ८ लाख माणसे मारली गेली, आणि २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या केंद्राच्या चालकांस दोषी ठरवले. लोक द्वेष ऐकावयास बसले नव्हते. ते गाणी ऐकावयास बसले होते.

आता आपल्याकडे वळू. मिरवणूक दुसऱ्या समाजाच्या वस्तीपुढे किंवा उपासनास्थानापुढे येते, तेथेच मुद्दाम थांबते, गाणे बदलते, आवाज चढतो. पुढे नाचणाऱ्या मुलांपैकी अर्ध्यांस त्या शब्दांचा अर्थ विचारला तर सांगता येणार नाही. ते स्टँडावरच्या त्या मुलासारखेच आहेत. पाय हलला आहे, एवढेच. पण दगड पडला म्हणजे तो अर्थ न कळलेल्याच्याही हातून पडतो, आणि रात्री चौकीवर त्याचीच आई जाऊन बसते.

७. काय करावे

पहिली गोष्ट, सूर व शब्द वेगळे करून पाहावे. जे गाणे मनास फार चढते, त्याचे शब्द चालीवाचून, सावकाश, मोठ्याने वाचावे. हेच शब्द मी शेजाऱ्याच्या तोंडावर, चालीवाचून बोलू शकेन काय? नसेन, तर ते गाऊही नयेत.

दुसरी गोष्ट, आवाज बंद करून चित्र पाहावे. जाहिरात, पुढाऱ्याची चित्रफीत, तलवार फिरवणाऱ्या पोराचे रील, जे काही असेल ते एकदा मुक्याने पाहावे. वाद्य गेल्यावर त्या तलवारवाल्याचे शौर्य कोठे जाते, हे मुले स्वतःच पाहून हसतील.

तिसरी गोष्ट, आवाजाची मर्यादा पाळावी. फार मोठ्या आवाजात मनुष्य ऐकत नाही, तो केवळ हादरतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० पासून सकाळी ६ पर्यंत सामान्यतः कर्णा लावता येत नाही. नाताळच्या गीतफेरीस हा नियम लागू नाही असे कोणी समजू नये.

चौथी गोष्ट, घरात स्वतः गावे. जे मूल आईच्या गळ्यातून, आजीच्या ओवीतून गाणे शिकले, त्यास यंत्राचे गाणे व माणसाचे गाणे ह्यांतील भेद कळतो.

शेवटी, हीच कसोटी आपण आपल्यासही लावावी. उपासनेत पेटी-तबला रंगात आला, डोळ्यांत पाणी आले, आणि बांधावरून भावाशी धरलेला अबोला तसाच राहिला, तर ते पाणी सुराचे होते, मनाचे नव्हे. सूर दार उघडतो. आत कोणास घ्यावयाचे, हे घरधन्याने जागे राहून ठरवावयाचे असते.

वर्गासाठी प्रश्न

१) अर्थ न कळता आपणांस आवडलेले एक गाणे सांगा. ते का आवडले?
२) 'सैराट' चित्रपटातील गाणे घरोघर गेले व शेवट गेला नाही, असे का झाले?
३) केसकरांचा हेतू चांगला असता उपाय का फसला?
४) दाविदाच्या वीणेने शौलास एकदा आराम पडला व पुढे पडला नाही. मधल्या काळात काय बदलले?
५) ह्या आठवड्यात एक जाहिरात आवाज बंद करून घरच्या मंडळींसह पाहा, व काय दिसले ते पुढील वर्गात सांगा.